लॅगिंग

फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलंय : हेल्पर.
दत्ताराम धनावडे, वय एकेचाळीस,
सोहारच्या रिफायनरीतून रात्री दीडला आणलेले.
आडवं झालं की छातीत टोचतं,
पुढे वाकून बसलं की जरा बरं.

मी दिवे मंद करते.
जेल गरम करायचं यंत्र आठवडाभर बंद,
म्हणून आधी तळहातावर घेते, मग त्यांच्या फासळ्यांवर.
तरी ते दचकतात, म्हणतात, "आयला."
एवढ्या एका शब्दावर
आमची हिंदी संपते.

"काय दिसतंय, बाय?"

टेक्निशियननं सांगायचं नसतं.
मोजायचं, चित्रं साठवायची, चेहरा कोरा ठेवायचा.
म्हणून आजार सोडून बाकीचं सांगू लागते,
आणि अडते.
हे सगळं मी मिरजेत इंग्रजीतून पाठ केलेलं.
मराठीत हृदय कधी सोललंच नव्हतं.

"सगळ्यात बाहेर पिशवी. दुपदरी.
दोन पदरांमध्ये दोन-तीन चमचे पाणी,
ठोका पडताना घासू नये म्हणून.
आतला पदर हृदयाला चिकटलेला,
खोबऱ्याला ती तपकिरी साल असते ना, तसा.
त्याच्या आत मांस. जाड, पीळदार.
ओला टॉवेल पिळावा तसं स्वतःलाच पिळतं.
डावीकडे जास्त जाड,
कारण पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलायचं त्यालाच.
आणि सगळ्यात आत…"
शब्द सापडत नाही.
"शहाळ्यातली मलई?"
"एवढी जाड?"
"नाही, खूप पातळ. पण तशी गुळगुळीत,
रक्त कुठे अडू नये, गोठू नये. झडपासुद्धा तिच्याच घडीतल्या."

ते पडद्याकडे बघतात.
करडी झडप उघडते, मिटते.

"म्हणजे पाइप," ते म्हणतात. "मी लॅगर आहे. सतरा वर्षं.
वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली रॉकवूल,
मग पाइपाची भिंत, आत लायनिंग.
रॉकवूल अंगाला खाजतं. सुट्टीत गावी गेलो तरी खाजतं.
बायको माझ्या शर्टांना वेगळी बादली ठेवते."

मी हसते. हात हलतो. चित्र परत घ्यावं लागतं.

मग एसीचा आवाज तेवढा.
काळ्या पट्टीच्या या काठापासून त्या काठापर्यंत कर्सर नेते :
बावीस मिलिमीटर.
त्या काळ्यात हृदय डोलतंय,
दोर सैल सोडलेल्या पडावासारखं,
आणि उजवा कप्पा भरायच्या वेळी
आत दबतोय.

"आमच्यात सगळ्यात वाईट काय, सांगू?
पत्रा चकचकीत असतो. इन्स्पेक्टर टिचकी मारून पुढे जातो.
आणि सांध्यातून शिरलेलं पाणी
खाली बसून राहतं. त्याला वाट नाही.
भिंत खात बसतं. उघडल्यावर कळतं."
थांबतात.
"पत्र्याखालीच आहे ना पाणी, बाय?"

माझा चेहरा कोरा. अकरा वर्षं तो तसा ठेवलाय.
ते मान हलवतात,
कागदावर सही मिळाल्यासारखी.

फोनवर मी डॉक्टर बलुशींना आकडे सांगते, नुसते आकडे.
वीस मिनिटांत ते येतात. मी प्रोब धरून वाट दाखवते,
सुई जाते, मग तार, मग नळी.
बाहेर येतं ते सुलेमानीच्या रंगाचं.
दोनशे मिलिलिटर झाल्यावर धनावडे विचारतात,
"झोपू का आता?"

आडवे होतात. टोचत नाही.

फाइल लावण्याआधी मी हेल्परवर रेघ मारते
आणि वर नीट अक्षरात लिहिते : लॅगर.
हेही माझ्या अखत्यारीत नाही.

पाणी का साचलं, अजून कळलेलं नाही.
बाटली लॅबला गेलीय.
सकाळी सातच्या बसमधून बंदराकडचे पाइप दिसतात,
चंदेरी, उन्हात डोळे दिपवणारे, मैल न् मैल.
मी सांधे बघत जाते.